जलील मिस्त्रींचे नाक

नांदेडात देगलूर नाक्याच्या पुढे, जिथे टायरवाल्यांची दुकाने संपतात आणि बॅटरीवाल्यांची सुरू होतात, तिथे जलील मिस्त्रींचे गॅरेज आहे. त्यावर पाटी नाही. पूर्वी होती, एका उन्हाळ्यातल्या वावटळीत ती उडाली आणि पुन्हा लावण्याची गरज कुणाला वाटली नाही. पत्ता विचारणाऱ्याला कोणीही रिक्षावाला "नाकवाले मिस्त्री का?" असे उलट विचारतो आणि हात करून दाखवतो.

जुनी गाडी घ्यायची ठरली की नांदेडातली आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसे आधी जलील मिस्त्रींना गाडीजवळ नेत. मिस्त्री इंजिन चालू करायला सांगत, एसी बंद करायला लावत, सगळ्या काचा चढवून घेत आणि पंधरा मिनिटे आत एकटे बसत. डोळे मिटलेले, हात मांडीवर. बाहेर घेणारा आणि विकणारा एकमेकांकडे न पाहता उभे राहत. उतरल्यावर मिस्त्री एकच शब्द बोलत, "घ्या" किंवा "राहू द्या". कारण विचारले तरच सांगत. किनवटच्या एका जीपमधून उतरून त्यांनी "राहू द्या" म्हटले, तेव्हा विकणारा चिडला. गाडी घाटात तापून तिचे हेड एकदा खोलले गेले आहे, रेडिएटरच्या पाण्याचा गोडसर वास अजून गादीत आहे, असे मिस्त्रींनी शांतपणे सांगितल्यावर त्या माणसाने मान खाली घातली. ही गोष्ट पुढे अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली. मिस्त्रींनी ती स्वतः कधी सांगितली नाही.

त्यांच्या लेखी यात करामत नव्हती. गियरचे तेल वासाला करपलेल्या लसणासारखे लागते, क्लचची प्लेट जळली की कागद पेटल्यासारखे वाटते, ब्रेकच्या तेलाला मासळीची छटा असते आणि इंजिनचे तेल जळले की त्याचा कडवट, जड वास घशात उतरून बसतो. चाळीस वर्षे हे नाकात भरून घेतले की कोणालाही कळेल, असे ते म्हणत. त्यांच्याकडे शिक्षणाचा कागद नव्हता, मोठ्या वर्कशॉपातली यंत्रे नव्हती. हा एक शब्द होता आणि तो कधी खोटा पडला नव्हता.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये त्यांना ताप आला. बारा दिवस ते माडीवरच्या खोलीत एकटे राहिले. ताप गेला, खोकला गेला, अंगात ताकद आली. वास आला नाही. महिनाभरात येतो असे सगळे म्हणत होते, इतरांचा आलाही. मिस्त्री गॅरेज उघडण्याआधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून तोंड जवळ नेत. पाण्याचा माठ उघडावा तसे, आतून कसलाच वास येत नसे. सहा महिन्यांनी त्यांनी ही तपासणी बंद केली.

त्यांनी कोणाला सांगितले नाही, घरीही नाही. काम चालू राहिले. डोळे होते, कान होते आणि बोटांना तेलाचा चिकटपणा कळत होता. वासाची तक्रार घेऊन कोणी आला तर ते त्यालाच विचारत: कसा वास, नीट सांगा; लसूण करपल्यासारखा की कागद जळल्यासारखा? मिस्त्री आपली परीक्षा घेत आहेत असे गिऱ्हाइकाला वाटे आणि तो मन लावून वर्णन करी. मात्र काचा चढवून गाडीत बसणे त्यांनी टाळले. गुडघे दुखतात, कोंडल्यासारखे होते, अशी कारणे सांगितली. लोकांनी ती मानली, कारण वय साठीकडे झुकले होते.

ज्याला नाही म्हणता येईना असा एकच माणूस आला, तो म्हणजे रेणुकादास सर. तेहतीस वर्षे त्यांनी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवले. मिस्त्रींची मुलगी सबिहा त्यांची विद्यार्थिनी. दहावीच्या परीक्षेआधी तिला टायफॉइड झाला, तेव्हा सर रोज संध्याकाळी सायकलवरून देगलूर नाक्यापर्यंत येत, बाहेरच्या खोलीत बसून तिच्याकडून प्रश्नपत्रिका सोडवून घेत आणि चहाखेरीज काही घेत नसत. सबिहा आज उदगीरला औषधांच्या दुकानाची मालकीण आहे. सर निवृत्त होऊन लातूरला राहायला गेले. त्यांची मुलगी मुग्धा नांदेडात दिली होती, तिला मूल झाले आणि सरांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंना एसटीत मळमळे. म्हणून सरांनी गाडी घ्यायची ठरवली. मुरुडला एका व्यापाऱ्याची पाच वर्षे वापरलेली पांढरी पेट्रोल गाडी निघाली होती. सर स्वतः नांदेडला येऊन मिस्त्रींना सोबत घेऊन गेले.

मुरुडच्या त्या अंगणात मिस्त्रींनी दोन तास गाडी पाहिली. खाली झोपून पाहिली, प्लग काढून पाहिले, तेल बोटांत चोळून पाहिले, रस्त्यावर चालवून आणली. गाडी चांगली होती. ते तसे बोलणार एवढ्यात सरांनी स्वतःच चारही काचा चढवल्या, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मनगटावरचे घड्याळ पाहत म्हटले, "मिस्त्री, आता तुमचं."

मिस्त्री आत बसले. नेहमीप्रमाणे डोळे मिटायला हवे होते; पण मिटून उपयोग नव्हता, म्हणून ते उघडेच राहिले. समोरच्या काचेतून व्यापाऱ्याची बायको दिसत होती. तिने पदराने बोनेटवरची धूळ पुसली, मग त्याच पदराने डोळे पुसले. चंद्रप्रभाबाई शेजारी उभ्या राहून तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. पंधरा मिनिटे झाली. मिस्त्री उतरले आणि म्हणाले, "घ्या."

परतीच्या वाटेवर त्यांनी सरांना बरेच काही समजावले. त्यातले एक असे की आठवड्यातला कोणता तरी एक वार धरून, इंजिन थंड असताना, बोनेट उघडून तेल-पाणी बघत जावे. सरांनी शनिवार धरला. शाळेत असताना शनिवारी सकाळची शाळा असे आणि घरातली कामे त्या दिवशी उरकण्याची सवय त्यांना होती.

दोन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी ती पांढरी गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. सर उतरले आणि म्हणाले, गाडीत जळक्या तेलाचा वास येतो. लोह्याच्या अलीकडे सुरू झाला, सिग्नलला थांबले की जास्त येतो. चंद्रप्रभाबाई पदर नाकाला लावून मागच्या सीटवर बसल्या होत्या. मिस्त्रींनी बोनेट उघडले. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेला तेलाची ओल होती आणि तिचा ओघळ खाली सायलेन्सरच्या तापलेल्या नळीकडे गेला होता. जुन्या गाड्यांत ही गोष्ट नेहमीची आहे: कव्हरखालची रबराची पॅकिंग कडक होते, तेल पाझरते, नळीवर पडते, जळते आणि हवेबरोबर आत येते. मिस्त्रींनी नवी पॅकिंग बसवली, ओल पुसून काढली. जुनी पॅकिंग हातात घेतली तेव्हा ती मऊच होती. हे त्यांना थोडे खटकले, पण ओल डोळ्यांना दिसत होती आणि डोळ्यांवर विश्वास ठेवण्यावाचून आता त्यांना पर्याय नव्हता.

तीन आठवड्यांनी, पुन्हा शनिवारीच, गाडी परत आली. तोच वास, आधीपेक्षा जास्त. ओलही तिथेच. मिस्त्रींनी पॅकिंग पुन्हा बदलली, या वेळी वेगळ्या दुकानातली आणली, तेलाच्या फिल्टरची रिंगही बदलली. मजुरी घेतली नाही. सरांनी वाद घातला, पण मिस्त्रींनी हात मागे घेतला.

तिसऱ्या वेळी, तोही शनिवारच, सर आले तेव्हा त्यांच्या हातात शाळेच्या आकाराची एक वही होती. त्यांनी प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवली होती: तारीख, अंतर, ठिकाण आणि वासाच्या रकान्यात तीव्र, मध्यम किंवा नाही. सरांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "मुरुडला तुम्ही आत बसलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं, असं मी धरून चालतो. बरोबर?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती होकाराची होती की नव्हती, हे त्यांनाही सांगता आले नसते. गाडी आठवडाभर ठेवून जा, असे ते म्हणाले. सर आणि बाई तेवढे दिवस मुग्धाकडे राहणार होते.

शेजारच्या बॅटरीवाल्या मुज्तबाने हे तिसऱ्यांदा पाहिले होते. सरांची रिक्षा वळल्यावर तो दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "काय मिस्त्री, मुरुडवाल्यानं नाकाला अत्तर लावून दिलं वाटतं?"

मुज्तबाचा स्वभाव टवाळ होता आणि त्याने हे हसत म्हटले. मात्र मिस्त्रींना त्यातला अर्थ स्पष्ट कळला. विकणाऱ्याकडून काही घेऊन "घ्या" म्हणणारे मिस्त्री या शहरात होते आणि लोक त्यांची नावे घेऊन बोलत. चाळीस वर्षांत त्या यादीत आपले नाव आले नव्हते. ते आता यायला एवढी एक गाडी पुरेशी होती. आणि उलट बाजूने, आपण काही घेतले नव्हते हे सिद्ध करायचे तर आपल्याला वास येत नव्हता हे सांगावे लागणार होते.

त्यांनी इंजिन वरून खालपर्यंत धुतले, कोरडे केले. मग घरून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणला आणि इंजिनवर सगळीकडे ती पांढरी पावडर उडवली. कुठूनही थेंबभर तेल पाझरले तर पांढऱ्यावर काळी रेघ उठते. ही जुनी युक्ती आहे आणि तिला नाक लागत नाही. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी ते गाडी लोह्यापर्यंत नेऊन आले. तिन्ही दिवस पावडर जशीच्या तशी, पिठासारखी कोरडी राहिली. गाडी कुठूनच गळत नव्हती. शनिवारी दिसलेली ओल मग आली कुठून, याचा उलगडा होईना. आणि ती ओल तर त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती.

गुरुवारी त्यांनी सायलेन्सरच्या नळीवरचा संरक्षक पत्रा खोलला. त्यावर पिवळसर तांबूस, चिकट, राळेसारखा एक थर चढला होता. असा थर त्यांनी पहिल्या वेळीही ओझरता पाहिला होता आणि आधीच्या कुणा मिस्त्रीने गळती बुजवायला लावलेले सोल्युशन समजून सोडून दिला होता. या वेळी त्यांनी पत्रा उन्हात धरून बराच वेळ पाहिला. इंजिनचे तेल जळून काळी खरपुडी होते. हे काळे नव्हते.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर जेवायला जाताना त्यांनी तो पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला.

अख्तरीबी ओट्याशी होत्या. लोह्याच्या माहेरून त्या या घरात आल्याला तीस वर्षांवर काळ लोटला होता आणि तेवढ्या काळात त्या गॅरेजमध्ये दोनदाच गेल्या असतील. मिस्त्रींनी पुडके त्यांच्यासमोर ठेवले. हे कसे विचारावे याची वाटभर जुळवणी केली होती, ती ऐन वेळी उपयोगी पडली नाही. ते नुसते म्हणाले, "हे बघ बरं, काय हाय ते."

अख्तरीबींनी हात पुसले, पत्रा उचलून नाकाजवळ नेला. मग नखाने थर खरवडला.

"कढईच्या काठाला चढतं, ते हाय हे," त्या म्हणाल्या. "तुमच्या इंजिनात कुणी भजे तळून राहिलं का?"

"चेष्टा नको. नीट सांग."

"नीटच सांगून राहिले."

त्यांनी गॅस पेटवला, पत्रा चिमट्यात धरून आचेवर फिरवला. थोडा धूर निघाला. अख्तरीबींनी मान जवळ नेली आणि लगेच मागे घेतली. मिस्त्री त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. धुरातून त्यांना काही मिळत नव्हते.

"करडीचं तेल हाय," अख्तरीबी म्हणाल्या. "गाडीचं न्हाई. गाडीचं मला कळतं. इतकी वर्षं तुमचे कपडे भिजवते, इंजिनचं कोणतं न् गियरचं कोणतं ते बादलीवर वाकलं की समजतं. हे करडीचं. आमच्या लोह्याच्या घरी दुसरं तेल नव्हतंच."

अख्तरीबींनी गॅस बंद केला, पत्रा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत म्हणाल्या, "तुम्हाला वास येत न्हाई."

"न्हाई."

"तापापासून."

"हाव. तुला कधी कळलं?"

"त्या सालच्याच ईदला. दूध पातेल्याला लागलं, सगळं घर करपल्यासारखं झालं. मी माडीवरून पळत आले, न् तुम्ही चुलीपाशी बसून पेपर वाचत होते."

"मग बोलली न्हाईस ते?"

"तुम्ही बोलले का?"

एवढेच बोलणे झाले. अख्तरीबींनी ताट वाढले. मिस्त्री जेवले, आणि जेवताना वरणाला लसणाची फोडणी आहे असे त्यांना सांगण्यात आले. त्या दिवसापासून रोजच्या जेवणात काय काय आहे ते अख्तरीबी वाढताना बोलून दाखवू लागल्या. त्यावर वेगळी चर्चा झाली नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर मिस्त्रींनी सरांची वही उघडली. अक्षर फळ्यावरच्यासारखे गोल आणि सुटे होते. "तीव्र" हा शब्द ज्या ज्या ओळीत होता तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली. सगळे शनिवार होते. रविवारी मध्यम, सोमवारपासून नाही. शनिवारी सर बोनेट उघडत होते. शनिवारी करडीचे तेल कुठे वाहतात हे नांदेडात राहणाऱ्याला, तो कोणत्याही घरातला असो, कोणी सांगावे लागत नाही; मारुतीच्या देवळासमोरून जाताना पायाखालची फरशी निसरडी लागते. सर मात्र देवळात जाणाऱ्यांपैकी नव्हते. मिस्त्रींना मुरुडचे अंगण आठवले, काचेतून दिसलेले, आणि त्यात टक लावून पाहणाऱ्या चंद्रप्रभाबाई.

रविवारी सकाळी सर आणि चंद्रप्रभाबाई गाडी न्यायला आले. मिस्त्रींनी सरांना सुचवले की गाडी तयार आहे, वाजेगावच्या पुलापर्यंत एकटेच चालवून या आणि वास येतो का बघा. बाईंसाठी लोखंडी खुर्चीवर धुतलेले फडके अंथरले होते. गाडी वळणाआड गेल्यावर मिस्त्री समोरच्या स्टुलावर बसले. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, एक विचारतो. राग धरू नका. शनिवारी सर बोनेट उघडतात, न् पाणी आणायला आत जातात; तेव्हा तुम्ही तिथं असता का?"

चंद्रप्रभाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"सरांना सांगितलंत?"

"न्हाई."

त्यांनी मग सगळे सांगितले. एखादा हिशेब चुकलेला असावा आणि तो कबूल करून मोकळे व्हावे, तितक्या सरळपणे. मुरुडच्या त्या बाईने रडत रडत गाडी दिली होती. रडून दिलेली वस्तू घरात आली, तिच्यावर कोणाचा तरी जीव अडकलेला, असे त्यांच्या मनाने घेतले. लिंबू-मिरची बांधू का, असे त्यांनी एकदा विचारले होते. सरांनी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिले. तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले नाही. पहिल्याच शनिवारी सर चष्मा आणायला आत गेले असताना त्यांनी देवघरातल्या वाटीतले चमचाभर तेल इंजिनवर वाहिले. पुढे वास येऊ लागला.

"मला वाटलं, पुरत नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मग पळीभर वाहायला लागले."

मिस्त्रींना हसू आले नाही, निदान चेहऱ्यावर आले नाही. दोन चांगल्या पॅकिंग त्यांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, त्याचे कारण समोर खुर्चीवर बसले होते. त्यांनी बाईंना समजावले की ते तेल तापलेल्या नळीवर पडते आणि जळते. आज वास येतो, उद्या धूर निघेल. मग ते उठले आणि शेजारी दुरुस्तीला आलेल्या एका गाडीचे बोनेट उचलून दाखवले.

"वाहायचंच असेल तर इथं वाहा. ही बिजागरी हाय. दोन थेंब. हिला तेल लागतंच."

"चालतं?" बाईंनी विचारले.

"देवाचं मला ठाऊक न्हाई, बाई. गाडीला चालतं."

सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. पुलापर्यंत गेले, सिग्नलला मुद्दाम थांबले, काचा वर-खाली करून पाहिल्या. वासाचा मागमूस नव्हता. काय निघाले, असे त्यांनी विचारले. मिस्त्री म्हणाले की तेल आतून पाझरत नव्हते, वरून सांडलेले होते आणि नळीवर जळत होते. पॅकिंग दोन्ही वेळा चांगली होती, ती आपण उगीच बदलली, चूक आपली.

सरांनी क्षणभर विचार केला आणि ते जवळजवळ आनंदाने म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातून! तेलाची पट्टी बाहेर काढतो, तेव्हा ठिबकत असणार. दर शनिवारी. बघा, वहीत सगळं आहे, आणि मला दिसलं नाही." त्यांनी वही उघडून शेवटच्या ओळीखाली निष्कर्ष असा मथळा लिहिला आणि त्याखाली दोन वाक्ये लिहिली. चंद्रप्रभाबाई खुर्चीवर अंथरलेल्या फडक्याची घडी घालत होत्या.

वही मिटवून सर पुढे म्हणाले, की शेवटी मिस्त्रींच्या नाकानेच छडा लावला. लातूरला त्यांचे मित्र किशनराव जुनी गाडी पाहत आहेत, पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी यावे आणि त्यात पंधरा मिनिटे बसावे. सरांनी तसा शब्दही देऊन ठेवला होता.

मिस्त्रींच्या हातात पाना होता. तो त्यांनी खोक्यात ठेवला. या वेळी नुसते गप्प राहिले असते तरी भागले असते. वास गेला होता, सर खूश होते, मुज्तबाच्या बोलण्याला उत्तर मिळाले होते.

"सर, मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. मुरुडला मी आत नुसता बसलो होतो."

शेजारच्या दुकानात मुज्तबा बॅटरीत पाणी घालत होता. त्याचा हात थांबला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग तुम्ही घ्या म्हणालात ते कशावरून?"

मिस्त्रींनी सांगितले: दोन तास पाहिले त्यावरून. प्लग कोरडे होते, तेल स्वच्छ होते, धुराला रंग नव्हता, खाली कुठे ओघळ नव्हता. गाडी चांगली होती आणि आहे. पण तुम्ही ज्यावर विसंबून घेतली ते माझ्याकडे नव्हते, हे त्याच वेळी सांगायला पाहिजे होते.

"पाहिजे होतं," सर म्हणाले.

"हाव."

"मग हा वास ओळखला कोणी?"

"घरच्यांनी."

सरांनी मान डोलावली. त्या डोलावण्यात क्षमा होती किंवा नव्हती, हे मिस्त्रींना कळले नाही. सर गाडीत बसले. चंद्रप्रभाबाई बसण्याआधी थांबल्या, फडक्याची घडी मिस्त्रींच्या हातात दिली आणि बसल्या. गाडी गेली.

मुज्तबाने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही असे तो आजही म्हणतो. आठवडाभरात ती सगळ्या रस्त्याला ठाऊक झाली. काही गिऱ्हाइके कमी झाली. काहींनी मागच्या चार वर्षांतल्या आपल्या गाड्या आठवून पाहिल्या आणि त्यात काही सापडेना, तेव्हा ते येत राहिले. मिस्त्री आता वासाची तक्रार आली की सरळ सांगतात, मला येत नाही, तुम्हाला काय येतो ते बोला. आणि माणसे पूर्वीसारखीच मन लावून वर्णन करतात.

तीन आठवड्यांनी लातूरहून किशनरावांचा फोन आला. सरांनी नंबर दिला होता आणि निरोपही: गाडी बघायला मिस्त्रींनी यावे आणि घरच्यांना सोबत आणावे. अख्तरीबींनी आधी नकार दिला, मग ठेवणीतली साडी काढली.

लातूरला सरांच्या दारात ती पांढरी गाडी उभी होती. सवयीने मिस्त्रींनी तिचे बोनेट उचलले. ते आवाज न करता वर गेले. बिजागरीवर तेल होते, सांगितल्यापेक्षा बरेच जास्त. त्यांनी बोटाने ते निपटले आणि बोनेट मिटवले. दारातून पाहणाऱ्या चंद्रप्रभाबाई चहा आणायला आत वळल्या.

किशनरावांच्या मनात भरलेली गाडी गल्लीच्या टोकाला होती. मिस्त्रींनी खाली झोपून, बोटे फिरवून, कान लावून ती पाहिली. मग अख्तरीबी आत बसल्या. काचा चढवलेल्या, इंजिन चालू. सरांनी घड्याळ पाहिले. चार मिनिटांनी दार उघडले.

"मागच्या सीटखाली लोणच्याची बरणी फुटली होती कधीतरी," अख्तरीबी म्हणाल्या. "दुसरं काही न्हाई."

विकणाऱ्याने ते मान्य केले; बहिणीच्या सासरी जाताना फुटली होती. मिस्त्रींनी मग आपण काय काय पाहिले ते एकेक करून सांगितले: पुढचा उजवा टायर झिजला आहे, सायलेन्सरला एक जोड आहे, इंजिन स्वच्छ आहे. इतके सविस्तर ते पूर्वी कधी बोलत नसत. किशनरावांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे. पण घ्या की राहू द्या?"

मिस्त्री हात पुसत होते. त्यांनी अख्तरीबींकडे पाहिले.

"घ्या," अख्तरीबी म्हणाल्या.